घरी बसून करावयाचे मतदार-साह्य

निवडणूक जवळ आली म्हणजे गावोगाव प्रभातफेऱ्या निघतात, घोषणा होतात, मुलांकरवी पालकांची संकल्पपत्रे भरून घेतली जातात. ही सारी धडधाकट माणसांची कामे होत. ज्या शिक्षकाचे गुडघे चालू देत नाहीत, जी शिक्षिका प्रसूतीच्या रजेवर आहे किंवा जे गुरुजी सेवानिवृत्त होऊन दम्यामुळे ओसरीवरच बसून असतात, त्यांस आपला आता उपयोग नाही असे वाटू लागते. वस्तुतः मतदान वाढविण्याचे सर्वांत फलदायी काम बसूनच करावयाचे असते, आणि तेही फेऱ्या निघण्याच्या पुष्कळ आधी. हे काम म्हणजे मतदार यादीचे वाचन.

मतदानाच्या दिवशी ओळखपत्र हाती घेऊन आलेला मतदार यादीत नाव नाही म्हणून परत फिरतो, हे दृश्य केंद्रावर काम केलेल्या प्रत्येक शिक्षकाने पाहिले असेल. ओळखपत्र जवळ असणे व यादीत नाव असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. उमेदवारी अर्ज भरण्याची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरते नवे नाव यादीत घालता येत नाही. अशा वेळी घरोघर जाऊन केलेले आवाहन त्या मतदाराच्या काय कामाचे?

या प्रश्नाला जुना इतिहास आहे. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या याद्या तयार होत असता, विशेषतः उत्तरेकडील राज्यांत, पुष्कळ स्त्रियांनी स्वतःचे नाव न सांगता अमक्याची आई, तमक्याची पत्नी अशीच ओळख दिली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या आयोगाने अशी नोंद ग्राह्य धरली नाही, आणि सुमारे 28 लाख स्त्रिया यादीबाहेर राहिल्या. आज नाव सांगण्याचा संकोच उरलेला नाही. पण लग्न होऊन सासरी गेलेल्या मुलीचे नाव माहेरच्या यादीतच राहते व ती मतदानाला मुकते, हे घरोघर घडते. तिने नमुना क्रमांक 8 भरला म्हणजे नाव सासरच्या यादीत येते. नाव, वय किंवा पत्ता चुकीचा छापला असल्यासही हाच नमुना भरावा लागतो. प्रथमच नाव नोंदवावयाचे असेल तर नमुना क्रमांक 6.

यादीच्या एका पानावर तीस नावे असतात. रोज दोन पाने वाचली तर हजार मतदारांची यादी सतरा दिवसांत वाचून होते. त्यास अर्ध्या तासापेक्षा अधिक वेळ लागू नये. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर यादी पाहावयास मिळते व मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडेही ती असते. गावात वीस वर्षे शिकविलेल्या माणसाला कोणते घर यादीत आलेच नाही, कोणाचे आडनाव भलतेच छापले आहे, हे वाचता वाचताच उमगते. पेन्सिलीने खूण करावी आणि त्या घरी निरोप धाडावा. मात्र कोणी गाव सोडल्याच्या ऐकीव गोष्टीवरून नाव वगळण्याचा अर्ज कोणीही करू नये. ऊसतोडीला किंवा मुंबईस गेलेला मनुष्य गाव सोडून गेला असे होत नाही. त्याचे घर इथेच असते.

नव्या मतदारांच्या बाबतीत प्राथमिक शिक्षकापाशी असे एक साधन आहे की जे इतर कोणापाशी नाही. ते म्हणजे शाळेचे जनरल रजिस्टर. सात-आठ वर्षांपूर्वी चौथी उत्तीर्ण होऊन गेलेली मुले आज सतरा-अठरा वर्षांची आहेत आणि त्यांच्या जन्मतारखा त्यात लिहिलेल्या आहेत. (रजिस्टर अर्थातच घरी न्यावयाचे नाही. मुख्याध्यापकांच्या अनुमतीने नावे तेवढी उतरून घ्यावीत व ती याच कामापुरती वापरावीत.) पूर्वी केवळ 1 जानेवारी हीच अर्हता तारीख असे. 2022 पासून 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै व 1 ऑक्टोबर अशा चार तारखा झाल्या आहेत. मे महिन्यात अठरा वर्षे पूर्ण करणाऱ्या मुलास पुढील जानेवारीची वाट पाहावी लागत नाही. आणि सतरा वर्षे पूर्ण झालेल्यास आगाऊ अर्जही करता येतो. जुन्या गुरुजींचा दूरध्वनी आला म्हणजे मुलगा तो अर्ज भरतो. फलक वाचून भरीलच असे नाही.

गावातील अतिवृद्धांची टिपणी मात्र निराळी ठेवावी. लोकसभा व विधानसभेच्या निवडणुकांत 85 वर्षांवरील मतदारांस व 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांस घरून मतदान करता येते. 2024 पूर्वी ही वयोमर्यादा 80 होती. त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबू नये. त्यासाठी नमुना 12-ड अधिसूचनेपासून पाच दिवसांच्या आत द्यावा लागतो. मुदत एवढी अल्प असल्याने अशा व्यक्तींची यादी आधीच तयार असली तरच उपयोग होतो. एकदा ही सोय मंजूर झाली की केंद्रावर जाऊन मत देता येत नाही, हेही त्यांस समजावून सांगावे. कित्येक आजोबांना केंद्रावर जाण्यातच आनंद असतो.

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी दहा-पंधरा घरी दूरध्वनी करावा, यापेक्षा अधिक शीण करून घेऊ नये. केंद्र कोणत्या खोलीत आहे, यादीतील अनुक्रमांक कोणता, सोबत काय न्यावे, एवढेच सांगावे. मतदार माहिती चिठ्ठी ही 2019 पासून ओळखीचा पुरावा म्हणून चालत नाही. ओळखपत्र सापडत नसेल तर आधारपत्र, छायाचित्र असलेले बँकेचे किंवा टपाल कार्यालयाचे पासबुक, रोजगार हमीचे जॉबकार्ड यांपैकी एखादे चालते. उन्हाळ्यात मतदान असेल तर म्हाताऱ्यांस सकाळी सातलाच जावयास सांगावे. 2024 मध्ये महाराष्ट्रात लोकसभेचे मतदान 19 एप्रिल ते 20 मे या कडक उन्हाच्या दिवसांत पाच टप्प्यांनी झाले होते.

मत कोणास देणार हे विचारू नये. समोरच्याने आपण होऊन सांगितले तरी त्यावर बोलू नये. सेवेत असलेल्या शिक्षकावर हे बंधन कायद्यानेच आहे, आणि सेवानिवृत्त गुरुजींनीही ते पाळले तरच पुढच्या वेळी लोक त्यांचा दूरध्वनी मोकळ्या मनाने घेतील. अर्ज ऑनलाइन भरताना मोबाइलवर येणारा सांकेतिक क्रमांक मतदाराने स्वतःच घालावा. तो आपण मागू नये.

शंका पडल्यास 1950 या क्रमांकावर विचारता येते. वाचून झालेल्या यादीतील खुणांचा कागद दिनांक घालून केंद्रस्तरीय अधिकाऱ्याच्या हाती द्यावा व एक प्रत आपल्यापाशी ठेवावी. पुढची प्रारूप यादी प्रसिद्ध झाली म्हणजे प्रथम त्याच नावांवर बोट ठेवून पाहावे.