रिपोर्ट एक, हात चार: शेअर केलेला हिशोब बिघडू नये म्हणून पाच सवयी



समजा, कळवणला तुमचा कांद्याचा छोटा व्यापार आहे. एक भाऊ कळवणच्या लिलावात, दुसरा अभोण्याला, तुम्ही खळ्यावर आणि सीए नाशिकला. चौघांत गुगल शीट एकच, आणि त्यावर लूकर स्टुडिओचा रिपोर्ट: आजची खरेदी, सरासरी भाव, चाळीतला शिल्लक माल.

रिपोर्ट सांगतो 200 क्विंटल शिल्लक. तुम्ही पार्टीला शब्द देता, गाडी बोलावता. चाळीत निघतात 160! चोरी झालेली नाही. पावसाळ्यातली सड आणि घट भावाने स्वतःच्या वेगळ्या कॉपीत लिहिली होती. 1,500 रुपये क्विंटल धरा, 60,000 रुपयांचा माल फक्त स्क्रीनवर होता. शब्द गेला तो वेगळाच.

हे टाळायचं कसं?

1. फाइल एकच. ‘फायनल’, ‘फायनल 2’ अशा कॉप्या काढू नका. फाइल धंद्याच्या ईमेलवर बनवा. कामावरच्या मुलाच्या खात्यावर असेल, तर तो काम सोडतो तेव्हा तुमचीच पंचाईत.

2. हक्क कामापुरता. नोंद करणारा एडिटर, सीए कॉमेंटर, बाकीचे व्ह्यूअर. ‘लिंक असलेला कुणीही’ हा पर्याय बंद ठेवा. लूकर स्टुडिओत डेटा मालकाच्या परवानगीवर जोडला असेल, तर शीट न उघडणाऱ्यालाही रिपोर्टमधले आकडे दिसतात. तुमचा खरेदीभाव शेजारच्या व्यापाऱ्याला कळायला एक फॉरवर्ड पुरतो.

3. सूत्रांना कुलूप. बेरीज-सरासरीच्या रकान्यांना ‘प्रोटेक्ट रेंज’ लावा. प्रत्येक व्यवहाराची वेगळी ओळ: तारीख, ठिकाण, क्विंटल, भाव, लिहिणाऱ्याचं नाव. घटीचीही स्वतंत्र ओळ. जुना आकडा खोडून नवा लिहायचा नाही.

4. आपला फिल्टर आपल्यापुरता. शीटमध्ये साधा फिल्टर लावला की बाकी एडिटरांच्याही ओळी लपतात. भावाला वाटतं, नोंदी उडाल्या! त्यापेक्षा ‘फिल्टर व्ह्यू’ वापरा.

5. ताजेपणा बघा, मग बोला. गुगल शीटवरचा लूकर रिपोर्ट साधारण 15 मिनिटांनी ताजा होतो, लगेच नाही. भाव सांगण्याआधी ‘रिफ्रेश डेटा’ दाबा. शेवटच्या नोंदीची तारीख रिपोर्टच्या माथ्यावर ठेवा.

तरीही चूक झालीच, तर भांडू नका. ‘व्हर्जन हिस्ट्री’ उघडा. कुणी, कधी, काय बदललं ते दिसतं आणि जुनी प्रत परत आणता येते. महिनाअखेरीच्या प्रतीला नाव देऊन ठेवा, शोधायला सोपं जातं.

आणि एक लक्षात ठेवा, रिपोर्ट कांदा मोजत नाही, तुम्ही भरलेले आकडे मोजतो. म्हणून आठवड्यातून एकदा चाळीत जा, मालाचा अंदाज घ्या आणि शीटशी ताडून पाहा.

आजचा गृहपाठ: शेअरचं बटण दाबा आणि यादी वाचा. ज्याचं आता काम नाही, असं एक तरी नाव सापडेल. ते आजच काढा.