शेजाऱ्यांचे अपील आणि तीन घरे

कॅलिफोर्नियातील बर्कली शहरात हॅस्केल रस्त्यावरील एका भूखंडावर मोडकळीस आलेले एकच घर होते. ते पाडून तेथे तीन दुमजली घरे बांधण्याचा प्रस्ताव २०१६ साली शहराच्या परवाना मंडळाने मंजूर केला. शेजाऱ्यांनी अपील केले: वस्ती दाट होईल, परसबागेवर सावली पडेल. नगर परिषदेने त्यांची बाजू उचलून धरली.

गृहबांधणीचे समर्थक न्यायालयात गेले. नियमांत बसणारा गृहप्रकल्प आरोग्याला वा सुरक्षिततेला गंभीर धोका असल्याखेरीज नाकारता येत नाही, असा तेथील राज्याचा १९८२ चा कायदा आहे. फेरसुनावणीत परिषदेने जुने घर पाडण्यासच मनाई केली. न्यायालयाने २०१७ मध्ये तीही अमान्य केली आणि अखेर परवानगी द्यावी लागली.

शेजाऱ्यांची तक्रार खोटी नव्हती. अंगणातले ऊन कोणालाही प्रियच. परंतु गिऱ्हाईक पाहून माप बदलणाऱ्या दुकानाची पत राहत नाही, तशीच रोष पाहून नियम वाकवणाऱ्या परिषदेचीही. सभेत जुने रहिवासी बोलतात. उद्या राहायला येणारी कुटुंबे तेथे नसतात. त्यांच्या वतीने बोलतो तो लिहिलेला नियमच.