अकरा कोऱ्या जागा

इंग्लंडमधील मँचेस्टर शहरात १९ फेब्रुवारी १९५८ रोजी रात्री दिव्यांच्या प्रकाशात एक फुटबॉलचा सामना व्हावयाचा होता. अशा सामन्याच्या वेळी प्रेक्षकांना एक छापील पत्रिका मिळते व तीत दोन्ही संघांतील खेळाडूंची नावे दिलेली असतात. त्या रात्रीच्या पत्रिकेत पाहुण्या संघाची अकरा नावे नीट छापलेली होती. परंतु यजमान संघाच्या बाजूस केवळ अकरा कोऱ्या जागा सोडलेल्या होत्या. हा मुद्रकाचा दोष नव्हता. पत्रिका छापावयास गेली त्या वेळी, आपल्या संघातून कोण खेळणार हे त्या संघाच्या चालकांसही ठाऊक नव्हते. त्या जागा कोऱ्या का राहिल्या आणि पुढे त्या कशा भरल्या गेल्या, हे समजण्यासाठी युरोपातील एका मोठ्या स्पर्धेची हकीकत प्रथम पाहिली पाहिजे.

फुटबॉल हा खेळ युरोपात गावोगावी खेळला जातो. प्रत्येक देशातील क्लब आपापसांत खेळतात व त्यांतून त्या देशाचा विजेता ठरतो. परंतु निरनिराळ्या देशांच्या विजेत्यांमध्ये श्रेष्ठ कोण, हे ठरविण्याचे साधन बराच काळ नव्हते. डिसेंबर १९५४ मध्ये इंग्लंडच्या वुल्व्हरहॅम्प्टन वाँडरर्स या क्लबाने हंगेरीच्या होनव्हेद या नामांकित क्लबाचा स्वतःच्या मैदानावर ३–२ असा पराभव केला. लगोलग इंग्लंडमधील वृत्तपत्रांनी आपला क्लब जगज्जेता असल्याचे जाहीर करून टाकले! फ्रान्समधील ‘लेकिप’ या क्रीडाविषयक दैनिकातील गाब्रिएल आनो यांस हे पटले नाही. आपल्या अंगणात एकदा जिंकल्याने कोणी जगज्जेता ठरत नाही. दुसऱ्याच्या अंगणात जाऊनही खेळले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांच्या व त्यांच्या सहकाऱ्यांच्या खटपटीतून १९५५ साली युरोपीय चषक स्पर्धा सुरू झाली. स्पेनमधील रेआल माद्रिद या क्लबाने पहिल्या दोन्ही वर्षी हा चषक जिंकला.

ही स्पर्धा बाद पद्धतीची होती. साखळी पद्धतीच्या स्पर्धेत प्रत्येक संघ इतर सर्व संघांशी खेळतो. एखादा सामना हरला तरी पुढे भरपाई करण्याची संधी त्यास मिळते. बाद पद्धतीत मात्र जो हरला तो स्पर्धेबाहेर गेला. म्हणूनच या पद्धतीत विजेता ठरविण्यासाठी किती लढती लागतील, हे सांगणे अगदी सोपे असते. १९५७–५८ च्या हंगामात या स्पर्धेत चोवीस क्लब होते. एक विजेता उरावयाचा, म्हणजे तेवीस बाद व्हावयाचे. आणि प्रत्येक लढतीत एकच बाद होतो. अर्थात लढती तेवीस! प्राथमिक फेरीत सोळा क्लबांनी खेळून आठ पुढे आले. ज्या आठ क्लबांना त्या फेरीत खेळावे लागले नव्हते, ते त्यांस येऊन मिळाले. मग सोळांचे आठ, आठांचे चार, चारांचे दोन व दोहोंतून एक. तुम्ही स्वतः बेरीज करून पाहा.

अंतिम लढतीखेरीज प्रत्येक लढतीत दोन सामने असत : एक आपल्या मैदानावर व दुसरा प्रतिपक्षाच्या मैदानावर. दोन्ही सामन्यांतील गोलांची बेरीज करून निर्णय होई. बेरीज सारखी भरली, तर तिसरा सामना तटस्थ मैदानावर खेळविला जाई. त्या हंगामात इटलीच्या मिलान क्लबाने व्हिएन्नाच्या रापिड क्लबास ४–१ असे हरविले. परंतु परतीच्या सामन्यात तो स्वतः ५–२ असा हरला. दोघांचेही गोल सहा–सहा झाले. तेव्हा स्वित्झर्लंडमधील झुरिक येथे तिसरा सामना झाला व मिलानने तो ४–२ असा जिंकला. आनो यांच्या म्हणण्यातील न्याय अशा रीतीने नियमातच उतरला होता.

इंग्लंडचा विजेता म्हणून या हंगामात मँचेस्टर युनायटेड हा क्लब उतरला होता. त्याचे व्यवस्थापक मॅट बझ्बी यांनी मोठ्या किमती देऊन नावाजलेले खेळाडू गोळा करण्याऐवजी शाळकरी वयाची होतकरू मुले निवडून त्यांना आपल्या देखरेखीखाली तयार केले होते. या तरुण संघाने १९५६ व १९५७ अशी सलग दोन वर्षे इंग्लंडच्या साखळी स्पर्धेचे विजेतेपद मिळविले. डंकन एडवर्ड्स हा त्यांच्यातील एक. वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत तो इंग्लंडच्या राष्ट्रीय संघातून अठरा सामने खेळला होता.

इंग्लंडच्या साखळी स्पर्धेच्या चालकांना मात्र ही परदेशची स्पर्धा फारशी रुचत नव्हती. आपले वेळापत्रक बिघडेल अशी त्यांस धास्ती होती. बझ्बी यांनी त्यांचा सल्ला बाजूस सारून १९५६ साली प्रथम आपला संघ युरोपात नेला. त्यामुळे वेळ पाळणे ही त्यांच्यावर मोठीच जबाबदारी येऊन पडली. युरोपातील सामना बुधवारी खेळावयाचा आणि शनिवारच्या सामन्यासाठी इंग्लंडमध्ये वेळेवर हजर व्हावयाचे, असा तो क्रम होता. डिसेंबर १९५७ मध्ये प्राग येथील सामना आटोपून परतताना इंग्लंडमधील धुक्यामुळे त्यांचे विमान निघू शकले नाही. ॲम्स्टरडॅमपर्यंत विमान, तेथून आगबोट व शेवटी आगगाडी असा प्रवास करून थकलेले खेळाडू कसेबसे घरी पोहोचले. असा प्रसंग पुन्हा येऊ नये म्हणून पुढील दौऱ्यासाठी क्लबाने एक विमानच भाड्याने घेतले.

हा पुढील दौरा युगोस्लाव्हियाची राजधानी बेलग्रेड येथील होता. रेड स्टार या क्लबाविरुद्धचा मँचेस्टर येथील पहिला सामना युनायटेडने २–१ असा जिंकला होता. ५ फेब्रुवारी १९५८ रोजी परतीच्या सामन्यात मध्यंतरापर्यंत युनायटेडने तीन गोल केले. त्यांतील दोन वीस वर्षांच्या बॉबी चार्लटनचे होते. मध्यंतरानंतर रेड स्टारनेही तीन गोल करून सामना बरोबरीत आणला. तथापि एकूण बेरीज ५–४ अशी होऊन युनायटेड उपांत्य फेरीत गेले. मोठ्या आनंदात दुसऱ्या दिवशी खेळाडू परतीच्या विमानात बसले.

वाटेत इंधन घेण्यासाठी विमान जर्मनीतील म्यूनिक येथे उतरले. तेथे बर्फ पडत होते. पुन्हा उड्डाण करताना यंत्राचा आवाज बरोबर वाटेना, म्हणून वैमानिकांनी दोन वेळा धावपट्टीवरच विमान थांबविले. दुपारी तीन वाजून गेल्यावर तिसऱ्यांदा प्रयत्न झाला. विमान धावपट्टीच्या टोकापर्यंत गेले, पण जमिनीवरून उठलेच नाही. कुंपण तोडून ते पलीकडच्या एका घरावर आदळले. विमानात चव्वेचाळीस माणसे होती. त्यांतील वीस जण तेथेच मृत्यू पावले व तिघांचा पुढे अंत झाला. संघनायक रॉजर बर्न, टॉमी टेलर, डेव्हिड पेग, मार्क जोन्स, एडी कोलमन, जेफ बेंट व लियम व्हेलन हे सात खेळाडू त्याच दिवशी गेले. डंकन एडवर्ड्सने पंधरा दिवस मृत्यूशी झुंज दिली. २१ फेब्रुवारीस तोही गेला. मृतांमध्ये क्लबाचे अधिकारी होते, पत्रकार होते, विमानातील कर्मचारीही होते.

या घोर प्रसंगीही माणुसकीचे दर्शन घडले. युनायटेडचा गोलरक्षक हॅरी ग्रेग मोडक्या विमानातून बाहेर पडला होता. विमान कोणत्याही क्षणी पेट घेईल अशी भीती होती. तरीही तो पुन्हा आत शिरला. त्याने एका लहानग्या मुलीस व तिच्या आईस बाहेर काढले आणि आपल्या जखमी सोबत्यांनाही ओढून दूर नेले. म्यूनिकच्या रुग्णालयात डॉ. गेओर्ग माउरर व त्यांचे सहकारी जखमींसाठी अहोरात्र झटले. तेरा वर्षांपूर्वीपर्यंत इंग्लंड व जर्मनी ही राष्ट्रे एकमेकांशी युद्ध करीत होती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

विमान उठले का नाही? प्रथम जर्मनीत चौकशी झाली व पंखांवर साचलेल्या बर्फास दोष देण्यात आला. पंख साफ आहेत की नाहीत हे पाहणे कप्तानाचे काम. म्हणून कप्तान जेम्स थेन यांच्यावर ठपका आला व त्यांची नोकरी गेली. थेन यांनी हार मानली नाही. वर्षानुवर्षे ते पुरावा गोळा करीत राहिले. खरे कारण धावपट्टीवरील पाणी मिसळलेल्या बर्फाचा चिखल हे होते. कोरड्या रस्त्यावरून वेगाने जाणारी सायकल चिखलात शिरताच कशी मंदावते, हे तुम्ही अनुभवले असेलच. विमानाच्या चाकांचेही तसेच झाले. पहिल्या दोन प्रयत्नांत विमान धावपट्टीच्या शेवटच्या भागापर्यंत गेलेच नव्हते; त्यामुळे तेथील चिखल जसाच्या तसा होता. विमानाचा वेग ताशी सुमारे २१७ किलोमीटरपर्यंत चढला आणि त्या चिखलात शिरताच तो सुमारे १९५ किलोमीटरवर उतरला. एवढ्या वेगाने विमान उचलले जाणे शक्य नव्हते, आणि थांबण्यास जागाही उरली नव्हती. अखेर १९६९ साली ब्रिटिश चौकशीने थेन यांस निर्दोष ठरविले. सत्य बाहेर येण्यास अकरा वर्षे लागली.

आता त्या अकरा कोऱ्या जागांकडे वळू. बझ्बी रुग्णालयात मृत्यूच्या दारी होते. त्यांचे सहायक जिमी मर्फी हे वेल्सच्या राष्ट्रीय संघाचेही व्यवस्थापक होते. त्या संघाच्या सामन्यासाठी ते कार्डिफ येथे थांबल्यामुळे या विमानात नव्हते. सारा भार त्यांच्यावर आला. क्लब बंद करण्याचा विचार त्यांनी मनात येऊ दिला नाही. राखीव खेळाडूंना त्यांनी पुढे आणले व दोन अनुभवी खेळाडू बाहेरून मिळविले. त्यांपैकी स्टॅन क्राउदर याने तर सामना सुरू होण्यापूर्वी जेमतेम तासभर आधी करारपत्रावर सही केली! अपघातातून वाचलेले ग्रेग व बिल फोक्स हे दोघे तेराव्या दिवशी मैदानावर उतरले. सुमारे साठ हजार प्रेक्षकांसमोर या जुळवून आणलेल्या संघाने शेफील्ड वेन्सडे संघास ३–० असे हरविले. कोऱ्या जागा भरल्या गेल्या. परंतु ज्यांच्यासाठी त्या होत्या, त्यांची आठवण त्या मैदानावरील कोणाच्याही मनातून पुसली गेली नसेल.

युरोपीय चषकाच्या उपांत्य फेरीत युनायटेडची गाठ मिलानशी पडली. मँचेस्टर येथे त्यांनी २–१ असा विजय मिळविला, परंतु मिलान येथे ते ४–० असे हरले व बाद झाले. नियम सर्वांस सारखाच. दुःखितांनाही त्यात सवलत नसते. २८ मे रोजी ब्रसेल्स येथे अंतिम सामना झाला. मिलानने दोन वेळा आघाडी घेतली व दोन्ही वेळा रेआल माद्रिदने बरोबरी साधली. शेवटी जादा वेळात हेन्तो या खेळाडूने निर्णायक गोल केला आणि रेआल माद्रिदने ३–२ अशा विजयासह तिसऱ्यांदा चषक जिंकला. इतिहासाच्या पुस्तकात त्या हंगामाचा विजेता म्हणून याच क्लबाचे नाव लिहिलेले आहे, आणि ते योग्यच आहे.

परंतु बझ्बी यांचे काम संपले नव्हते. बरे झाल्यावर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला. पुन्हा तरुण मुले निवडली, पुन्हा संघ घडविला. बरोबर दहा वर्षांनी, २९ मे १९६८ रोजी, लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर मँचेस्टर युनायटेडने पोर्तुगालच्या बेन्फिका क्लबाचा जादा वेळात ४–१ असा पराभव केला आणि युरोपीय चषक प्रथमच इंग्लंडमध्ये आला. त्या दिवशीच्या अकरा खेळाडूंत म्यूनिकच्या अपघातातून वाचलेले दोघे होते : बिल फोक्स आणि बॉबी चार्लटन. चारांपैकी दोन गोल चार्लटनचे होते.

पुढे १९९२ साली या स्पर्धेचे नाव व स्वरूप बदलले. मँचेस्टरच्या त्या मैदानाच्या बाहेरील भिंतीवर मात्र एक घड्याळ आहे. त्यावर ‘६ फेब्रुवारी १९५८’ हा दिनांक लिहिलेला आहे. दिनांक तोच राहतो. काटे मात्र पुढे चालत असतात.