ढोलकीवाल्याचं नाव काय?

कान्ह्याहून लोणावळ्याकडे निघालेली लोकल कामशेत सोडते आणि मळवलीला येते. स्टेशनाच्या एका अंगाला कार्ल्याची एकवीरा, दुसऱ्या अंगाला भाज्याची लेणी. भाज्याच्या एका विहाराच्या ओवरीत दोन बायका कोरल्या आहेत. एक नाचते आहे, दुसरी चामड्यानं मढवलेल्या वाद्यांच्या जोडीवर हात टाकते आहे. हे काम दोन हजार वर्षांपूर्वीचं. त्या जोडवाद्यात कुणाला तबल्याचा पूर्वज दिसतो, कुणाला ती ओढाताण वाटते. याच लेण्यांत पाण्याच्या एका टाक्यावर लेख आहे, की हे टाकं महारठी कौशिकीपुत्र विष्णुदत्ताचं दान. टाकं देणाऱ्याचं नाव एवढी शतकं टिकलं, वाजवणारीचं नाव कुणी कोरलंच नाही. शिल्पी खऱ्याखुऱ्या वादिकेला पाहून छिन्नी चालवत होता की मनातलं रूप घडवत होता, हेही आता कळायला मार्ग नाही.

आज कान्हे फाट्यावर टाकव्याच्या गाडीची वाट पाहत उभ्या असलेल्या माणसाच्या खिशात जगातलं बहुतेक ध्वनिमुद्रित संगीत मावतं. स्पॉटिफाय भारतात 2019 साली आलं, यूट्यूब त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. त्यामुळे नवं, वेगळं, चित्रपटाच्या आणि बड्या कंपन्यांच्या आधाराशिवाय झालेलं संगीत शोधणं आता सोपं झालं, असा समज आहे. ज्याला स्वतंत्र किंवा ‘इंडी’ संगीत म्हणतात ते, आणि त्याच्याच शेजारी उभं असलेलं, एकदा निघून विस्मृतीत गेलेलं आणि कुणीतरी पुन्हा प्रसिद्ध केलेलं जुनं संगीत, दोन्ही एका बोटावर आलं म्हणतात. माझं म्हणणं जरा वेगळं आहे. गाणं उपलब्ध असणं ही एक गोष्ट आणि ते सापडणं ही दुसरी. सापडण्यासाठी कुणीतरी, कधीतरी, कोण गायलं, कुणी वाजवलं, कुठे आणि केव्हा, हे लिहून ठेवलेलं असावं लागतं. विस्मृतीतून वर आलेल्या प्रत्येक गाण्यामागे अशी एखादी नोंद असते. जिथे ती नाही, तिथे उत्तम गाणंसुद्धा कचऱ्यात जातं.

चरणजित सिंग यांचं उदाहरण घ्या. मुंबईच्या चित्रपट-स्टुडिओंत वाजवणारे हे वादक. 1982 साली त्यांनी ‘सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट’ नावाची तबकडी केली. रोलंड कंपनीची तेव्हा नवी असलेली तालयंत्रं आणि सिंथेसायझर घेऊन त्यांनी भैरव, ललत असे राग एका अखंड यांत्रिक ठेक्यावर बसवले. तबकडी एचएमव्हीसारख्या बड्या कंपनीची, पण बाजारात तिचं काही झालं नाही. पुढे शिकागोतल्या तरुणांनी याच जातीच्या यंत्रांवर जे नृत्यसंगीत घडवलं त्याला ‘अॅसिड हाऊस’ हे नाव मिळालं, आणि त्याची पहिली गाजलेली तबकडी निघाली 1987 साली. एडो बाउमन नावाच्या डच संग्राहकाला सिंग यांची तबकडी भारतात मिळाली. त्यानं 2010 मध्ये ती स्वतःच्या छोट्या प्रकाशनातर्फे पुन्हा काढली, तेव्हा पाश्चात्त्य श्रोत्यांपैकी काहींना ती चक्क बनावट वाटली. आजच्या एखाद्या खट्याळ कलाकारानं जुनं वेष्टण चढवून केलेली थट्टा असणार, असा त्यांचा कयास. हा संशय गाणं ऐकून फिटणारा नव्हता. तो फिटला वेष्टणावरच्या नावामुळे, आणि त्या नावाचा माणूस मुंबईत हयात होता म्हणून. म्हाताऱ्या सिंगांना त्यानंतर परदेशात कार्यक्रम मिळाले. 2015 मध्ये ते गेले. ‘अॅसिड हाऊसचा जनक’ ही त्यांना चिकटवलेली पदवी मला पटत नाही, कारण शिकागोच्या पोरांनी ही तबकडी ऐकल्याचा काही पुरावा नाही. पण दोघांनी एकमेकांना न ऐकता सारख्याच वाटेनं जावं, हेही काही थोडं नवल नाही.

नाव सांगण्याची ही गरज ध्वनिमुद्रणाच्या जन्मापासूनची आहे. 1902 साली ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गेसबर्ग कोलकात्यात आले आणि त्यांनी गौहरजानचं गाणं मुद्रित केलं. गाणं संपताना ती इंग्रजीत आपलं नाव घेते. त्यात ठसका आहेच, पण कारण साधं होतं. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीतल्या हॅनोवरला. तिथल्या कामगाराला एक अनोळखी आवाज दुसऱ्यापासून वेगळा ओळखता यावा आणि लेबलाची गफलत होऊ नये, म्हणून गायकांना नाव उच्चारायला सांगत. सोय कारखान्याची होती, उपकार पुढच्या पिढ्यांवर झाले. मुंबईत 1990 साली सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ स्थापन केली. या मंडळींनी तबकड्या जमवल्या, पण त्यांचं खरं काम याद्यांचं आहे. तबकडीचा क्रमांक, साल, राग, साथीदार यांच्या याद्या. अशा याद्या नसत्या तर आज यूट्यूबवर चढलेल्या जुन्या तबकड्यांतला अर्धा माल ‘जुनं दुर्मीळ गाणं’ एवढ्याच नावानं पडून राहिला असता. कायदाही इथे सालाची नोंद मागतो. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून 60 वर्षं टिकतो. म्हणजे साल ठाऊक असेल तरच जुनी तबकडी खुशाल पुन्हा काढता येईल की नाही, हे कळतं. शब्द आणि चाल यांचा हक्क निराळा मोजावा लागतो, आणि त्यासाठी पुन्हा नावच लागतं.

यावर एक आक्षेप हमखास येतो: लोकगीत सगळ्यांचं असतं, त्याला कर्त्याचं नाव चिकटवणं ही बाजाराची आणि साहेबाची रीत. ऐकायला हे उदार वाटतं, पण मराठीच्या इतिहासाशी जुळत नाही. याच लोकलच्या रुळांवर पुण्याच्या बाजूला, तुकोबांच्या देहूचं नाव लावणारं देहूरोड आहे. ‘तुका म्हणे’ ही नाममुद्रा अभंगाच्या शेवटी का बसली, याचा विचार करावा. कागदाविना, तोंडातोंडी फिरणाऱ्या रचनेत नाव कवितेच्याच अंगात विणलेलं असलं तर ते सहसा गळत नाही. शाहिरांनी हेच केलं. वामनदादा कर्डकांनी आंबेडकरी चळवळीसाठी हजारो गाणी लिहिली. ती गावोगावच्या गायनपार्ट्यांनी आपापल्या चालींत गायली आणि कॅसेटवाल्यांनी छापली. तरीही कडव्याच्या शेवटी ‘वामन’ येतो आणि गाणं कुणाचं ते कळतं. आज ‘अभंग रिपोस्ट’सारखा मुंबईचा बँड गिटार आणि ड्रमसेटवर अभंग घेतो, तेव्हा ऐकणाऱ्या पोराला संताचं नाव शोधावं लागत नाही, ते गाण्यातच ठेवलेलं आहे. निनावीपणा आमच्या परंपरेचा स्वभाव आहे असं म्हणणाऱ्यांनी ज्यांना मुद्रा घालायचा अधिकारच मिळाला नाही, त्यांच्याकडे पाहावं. जात्यावर बसलेली बाई त्यांत पहिली.

आणि नेमकं तिच्याच बाबतीत या मावळ-मुळशीच्या डोंगरपट्ट्यात एक फार मोठं काम झालं. गी पॉइत्वाँ हे मूळचे फ्रेंच, हेमा राईरकर पुण्याच्या. 1980च्या दशकात खेड्यांतल्या गरीब बायांमध्ये काम करताना जात्यावरच्या ओव्या हे केवढं भांडार आहे, ते त्यांच्या लक्षात आलं. पहाटे दळताना म्हटलेली ओवी कुणाला ऐकवण्यासाठी नसते. घरातली बाकीची माणसं झोपलेली असतात. बाई सीतेचा वनवास सांगते, भावाची वाट पाहते, सासरचं गाऱ्हाणं मांडते आणि कित्येक घरांत बाबासाहेबांनाही ओवीत बसवते. गिरणी गावात आली तशी ही गाणी जात्याबरोबरच अडगळीत निघाली होती. या दोघांनी आणि गावोगावच्या कार्यकर्त्यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांत, तीन हजारांहून अधिक बायांकडून, एक लाखाहून जास्त ओव्या लिहून घेतल्या. 1990च्या दशकात बर्नार्ड बेल हे संगणकाचे जाणकार संगीत-अभ्यासक त्यांना येऊन मिळाले, मग शंभराहून अधिक तासांचं ध्वनिमुद्रणही झालं. आकडा थक्क करणारा आहे, पण माझ्या दृष्टीनं त्याहून मोलाची गोष्ट तक्त्याची आहे. प्रत्येक ओवीला क्रमांक, आणि त्यापुढे गाणारीचं नाव, गाव, ओवीचा विषय. पॉइत्वाँ 2004 मध्ये गेले, राईरकर 2010 मध्ये. एखाद्या संस्थेच्या कपाटात हे सगळं निवांत कुजलं असतं. पण 2017 पासून पी. साईनाथ यांच्या ‘पारी’नं, म्हणजे ग्रामीण भारताच्या लोकसंग्रहानं, या ओव्या आवाजासह महाजालावर प्रसिद्ध करायला घेतल्या. तक्त्यात नाव-गाव होतं म्हणूनच पारीची माणसं वीस वर्षांनी त्याच गावात जाऊन त्याच बाईच्या उंबऱ्याशी उभी राहू शकली. कुणी पुन्हा गायली, कुणाच्या लेकीसुनांनी आईचा गळा पहिल्यांदाच फोनवर ऐकला. दुर्मीळ तबकड्या पुन्हा काढणाऱ्या जगभरच्या हौशी प्रकाशकांना हेवा वाटावा असं हे पुनर्प्रकाशन आहे, आणि ते फुकट ऐकता येतं. ओवीला ‘इंडी’ म्हणणं कुणाला विनोदी वाटेल. वाटो. कंपनी नाही, निर्माता नाही, श्रोतासुद्धा नाही. याहून स्वतंत्र संगीत कुठलं दाखवता?

ओव्यांच्या तुलनेत कॅसेटचा जमाना कितीतरी जवळचा, पण नोंदीच्या बाबतीत तो जास्त दरिद्री निघाला. कॅसेटनं ध्वनिमुद्रण स्वस्त केलं आणि बड्या कंपनीची मक्तेदारी मोडली. एकवीरेच्या यात्रेला येणाऱ्या कोळी भाविकांसाठी कोळीगीतं निघाली, जयंतीसाठी भीमगीतं, जत्रेसाठी खंडोबाची आणि लग्नाच्या वरातीसाठी आणखी काही. पण वेष्टणावर गायकाचा भलामोठा फोटो, कोपऱ्यात गीतकार-संगीतकार आणि बहुतेकदा बस्स. ढोलकी कुणाची, कोरसमध्ये कोण, मुद्रण कुठल्या साली, याचा पत्ता नाही. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊससारखा प्रकाशक त्याच काळात खासगी मैफलींतलं अभिजात गाणं कॅसेटवर आणत होता आणि रसिक त्या कॅसेट जपून ठेवत होते. फरक अभिरुचीचा आहे असं काहींना वाटेल. मला तो नोंदीचाही वाटतो. शास्त्रीय गायकाबरोबर तबलजीचं आणि पेटीवाल्याचं नाव छापायची रीत होती, ढोलकीवाल्याबाबत ती पडलीच नाही. जातीचा आणि प्रतिष्ठेचा हिशेब यात किती, ते वाचकाला वेगळं सांगायला नको.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. पूर्वी वेगळं संगीत ऐकायला पुण्या-मुंबईतली दुकानं, ओळखीपाळखी, पैसे लागत. कान्ह्याच्या पोराला ते दार बंदच होतं. आता अॅप त्याच्या आवडीवरून पुढचं गाणं स्वतः सुचवतं. मग याद्या आणि नोंदी हव्यात कशाला? दार उघडलं हे खरंच आहे आणि ते नाकारणं हा शहरी नखरा ठरेल. पण यंत्र सुचवतं ते दोन गोष्टींवरून: किती जणांनी ऐकलं, आणि गाण्याबरोबर काय लिहिलेलं आहे. पहिलीमुळे गाजलेलं आणखी गाजतं. स्पॉटिफायनं तर 2024 पासून, वर्षभरात 1,000 वेळाही न ऐकल्या गेलेल्या गाण्याला मोबदल्यातून वगळलं आहे. दुसरीत मराठीची फार आबाळ होते, कारण नावं रोमन लिपीत आणि मनाला येईल तशी चढवली जातात. एकाच वामनदादांची स्पेलिंगं दोन झाली की यंत्राच्या लेखी माणसं दोन झाली. कानावर पडलेलं गाणं यंत्र ओळखू शकतं, हेही खरं. पण ओळखतं म्हणजे कुणीतरी आधी भरलेल्या नावाशी ताडून पाहतं. तेच नसेल तर यंत्र मुकं.

परदेशी संग्राहक आमच्या तबकड्या नेतात, महाग विकतात आणि कौतुकही तेच खातात, ही तक्रारही अर्धी खरी आहे. पण बाउमननं सिंगांची तबकडी पुन्हा काढली, तोवर ती इथे अठ्ठावीस वर्षं पडून होती, हे उरलेलं अर्धं.

नवं शोधतानाही हाच रस्ता कामी येतो. ‘स्वदेशी’ या मुंबईच्या रॅप गटातल्या ‘मवाली’ या रॅपरचं मराठी आवडलं, तर त्याच गटाच्या ‘द वारली रिव्होल्ट’मध्ये आवाज कुणाचा आहे ते वाचावं. आरेतल्या पाड्यावरचे प्रकाश भोईर भेटतात आणि तिथून वारली गाण्याची वेगळीच वाट फुटते. क्रेटेक्स आणि श्रेयसचं ‘तांबडी चामडी’ 2024 मध्ये वरातीत वाजलं. ते स्पिनिन या डच प्रकाशनानं काढलं होतं, त्या नावाचा माग काढला तर मराठी ठेका युरोपच्या नृत्यसंगीतात कुठे बसतो ते कळतं. कलाकार स्वतःचं संगीत थेट विकतात त्या बँडकॅम्पवर तर प्रत्येक वादकाचं नाव लिहायची जागाच दिलेली असते. गायकावरून गायकाकडे जाणारा श्रोता एकाच डबक्यात फिरतो. साथीदार, मुद्रण करणारा, छोटा प्रकाशक यांच्या नावांवरून जाणारा दूर पोहोचतो.

आंदर मावळात, नाणे मावळात, पवन मावळात गावोगावची भजनी मंडळं सप्ताहातलं गाणं आता फोनवर मुद्रित करून यूट्यूबवर टाकतात. खाली ‘सुंदर भजन, नक्की ऐका’ एवढंच लिहिलेलं असतं. त्याऐवजी देवनागरीत चार ओळी लिहा: अभंग कुणाचा, गायलं कोण, गाव आणि तारीख, आणि पखवाजावर कोण बसलं होतं.