मोगली एरंड : इंधन आणि विष

साताऱ्यातील माण, खटाव आणि सांगलीतील आटपाडी, जत हे तालुके पर्जन्यछायेतील. अन्नधान्याची जमीन न अडविता पडीक रानात इंधन पिकवावे, या हेतूने २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने मोगली एरंडाची शिफारस केली. त्याच्या बियांत सुमारे ३० ते ३५ टक्के तेल असते. मिथेनॉलशी त्याची क्रिया घडविली की जैवडिझेल व ग्लिसरीन मिळते. तथापि हे झाड अल्प पाण्यावर जगते, पण भरघोस फळत नाही. देशभरात अपेक्षा फोल ठरल्या.

आम्हा वैद्यांचा मुद्दा निराळा आहे. गुरे तोंड लावीत नाहीत म्हणून हे झाड कुंपणाला लावतात. मात्र बी रुचकर लागल्याने मुले ते खातात. त्यातील कर्सिन व फॉर्बोल एस्टर यांमुळे उलट्या, पोटशूळ, अतिसार होतो. यावर विशिष्ट उतारा नाही. म्हणून वमन-विरेचनात वेळ न दवडता, जलक्षय ओळखून बालकास त्वरित रुग्णालयात पाठवावे. पेंडही खत म्हणूनच वापरावी, पशुखाद्य म्हणून नव्हे.

चरकाच्या कण्डूघ्न गणातील करंज हाही अखाद्य तेलाचा वृक्ष. त्याच्या मुळांवरील गाठी जमिनीस नत्र देतात. बांधावर काय लावावे, असे कोणी विचारल्यास आम्ही प्रथम करंजच सुचवू.