माकडाच्या मेंदूतला ‘आरसा’ आणि आपण

‘माणसाच्या मेंदूत करुणेची पेशी सापडली,’ अशा अर्थाचा मजकूर मोबाइलवर अधूनमधून फिरत असतो. त्याच्या जोडीला कधी मुलांचे ‘मिरर न्यूरॉन’ जागे करणाऱ्या वर्गाची जाहिरात असते, तर कधी स्वमग्न मूल बरे करण्याचे आश्वासन. करुणा आणि मैत्री हे शब्द आपल्या घरांत लहानपणापासून कानावर पडलेले आहेत. त्यामुळे असा मजकूर वाचून आपल्याला बरे वाटते आणि आपण तो पुढे पाठवतो. पण बरे वाटले म्हणून ते खरे ठरत नाही. म्हणून या वेळी आम्ही थेट मूळ संशोधनाकडेच जायचे ठरवले.

हे संशोधन झाले इटलीतील पार्मा विद्यापीठात. जाकोमो रिझोलात्ती हे तेथील मेंदूशास्त्रज्ञ. हाताने वस्तू पकडताना मेंदूतील कोणत्या पेशी काम करतात, हे ते व त्यांचे सहकारी मकाक जातीच्या माकडांमध्ये अभ्यासत होते. माथेरानला दिसणारी लाल तोंडाची माकडे याच मकाक कुळातली. काळ्या तोंडाचे वानर वेगळे. माकडाच्या मेंदूत केसासारखी बारीक तार बसवून एकेका पेशीची विद्युत हालचाल टिपली जात होती. माकडाने खाऊ उचलला की पेशी ‘बोलायची’, हे अपेक्षितच होते. पण संशोधकाने स्वतःच्या हाताने खाऊ उचलला, तेव्हाही काही पेशी बोलल्या. माकड मात्र शांत बसलेले होते. ते फक्त पाहत होते.

१९९२ मध्ये ही नोंद प्रथम प्रसिद्ध झाली. १९९६ मध्ये याच गटाने सविस्तर आकडे दिले. दोन माकडांच्या मेंदूतील ५३२ पेशी तपासल्या, त्यांपैकी ९२ पेशी ‘करताना’ आणि ‘पाहताना’ अशा दोन्ही वेळी बोलत होत्या. त्यांना नाव मिळाले मिरर न्यूरॉन, म्हणजे आरशासारख्या पेशी. नुसता खाऊ समोर ठेवला तर त्या गप्प राहत. खाऊ नसताना हाताने नुसता उचलल्याचा अभिनय केला, तरीही गप्पच. म्हणजे हात आणि वस्तू यांची खरी गाठ पडली, तरच त्या जाग्या होत.

पुढच्या प्रयोगांत आणखी गोष्टी कळल्या. २००१ मध्ये हाताचा शेवटचा भाग पडद्याआड ठेवला गेला. पडद्यामागे खाऊ आहे हे माकडाला आधी दाखवले होते. तपासलेल्या पेशींपैकी सुमारे निम्म्या पेशी तरीही बोलल्या. २००२ मध्ये दिसले की शेंगदाणा फोडल्याचा किंवा कागद फाडल्याचा नुसता आवाजही काही पेशींना पुरतो. २००५ मध्ये याहून बारीक भेद सापडला. खाण्यासाठी उचलणे आणि डब्यात ठेवण्यासाठी उचलणे ही सुरुवातीची हालचाल जवळपास सारखीच, पण काही पेशी या दोहोंपैकी एकालाच प्रतिसाद देत होत्या. समोरचा ‘काय करतो आहे’ यासोबत ‘कशासाठी करतो आहे’ याचाही मागोवा मेंदू घेत असावा, असा संशोधकांनी अर्थ लावला.

माकडांच्या सामाजिक वागण्याशी याचा संबंध काय? याच पार्मा गटातले पिएर फ्रांचेस्को फेरारी यांनी या दिशेने काम केले. ते सहभागी असलेला २००९ चा एक प्रयोग पाहण्यासारखा आहे. कॅपुचिन जातीच्या माकडांना चेंडू दिला. एक माणूस माकड चेंडूशी जे करेल तेच त्याच क्षणी करायचा. दुसरा तशाच हालचाली करायचा, पण माकडाशी मेळ न ठेवता. नंतर माकडे नक्कल करणाऱ्या माणसाच्या जवळ जास्त वेळ थांबली आणि देवाणघेवाणीसाठीही त्यालाच जास्त वेळा निवडले. कोणी आपल्याशी ताल जुळवला की जवळीक वाढते, हे माकडांतही दिसले. पण या प्रयोगात मेंदूतील पेशी मोजलेल्या नव्हत्या, हे विसरून चालणार नाही.

मग माणसाचे काय? निरोगी माणसाच्या मेंदूत तार घालून पेशी तपासता येत नाहीत. २०१० मध्ये अमेरिकेत अपस्माराच्या, म्हणजे फिटच्या २१ रुग्णांमध्ये ती संधी मिळाली, कारण उपचारासाठी त्यांच्या मेंदूत तारा बसवलेल्याच होत्या. करताना आणि पाहताना अशा दोन्ही वेळी बोलणाऱ्या पेशी तिथेही सापडल्या. म्हणजे अशा पेशी माणसात आहेत. पण ‘पेशी आहे’ आणि ‘हीच करुणेची पेशी’ या दोन विधानांत मोठे अंतर आहे. दुसऱ्याची हालचाल ओळखणे वेगळे. त्याचे दुःख जाणून मदतीला धावणे वेगळे. त्यात स्मृती, संस्कार आणि आपण घेतलेला निर्णयही येतो. चोरही समोरच्याचा हेतू नेमका ओळखतो!

आता आरोग्याच्या दोन गोष्टी.

पहिली स्वमग्नतेची. या मुलांचे मिरर न्यूरॉन ‘तुटलेले’ असतात, अशी कल्पना काही शास्त्रज्ञांनी मांडली आणि ती फार गाजली. नंतरच्या तपासण्यांत तिला भक्कम आधार मिळाला नाही. अनेक स्वमग्न मुले समोरच्याची कृती आणि तिचा हेतू चांगला ओळखतात. तेव्हा ‘तुमच्या मुलाला भावनाच कळत नाहीत’ असे कोणी सांगितले, तर ते मनाला लावून घेऊ नका आणि ‘पेशी जागी करण्यासाठी’ कष्टाचे पैसे देऊ नका. मूल हाकेला वळत नसेल, बोलणे उशिरा येत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. सरकारी जिल्हा रुग्णालयात लहान मुलांच्या वाढीतील अडचणींसाठी डीईआयसी विभाग असतो, तिथे चौकशी करा.

दुसरी गोष्ट लकव्याची. पाहताना आणि करताना मेंदूचे काही भाग सारखेच कामाला लागतात, या विचारातून एक व्यायामपद्धत निघाली. हात अधू झालेल्या रुग्णाने पेला उचलण्यासारखी रोजची कृती काही मिनिटे नीट पाहायची, मग तीच करण्याचा प्रयत्न करायचा. २०१८ मध्ये अशा १२ चाचण्यांचा, एकूण ४७८ रुग्णांचा आढावा घेतला गेला. हाताच्या कामात काही सुधारणा दिसली, पण पुरावा अजून फार भक्कम नाही. म्हणून ही पद्धत फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने, नेहमीच्या व्यायामाच्या जोडीला वापरावी, त्याऐवजी नव्हे. आणि तोंड वाकडे होणे, एक हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे असे अचानक झाले, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता लगेच १०८ ला फोन करावा. सुरुवातीचे काही तासच मोलाचे असतात.

रुग्णाजवळ बसून घरातल्या माणसाने सावकाश पेला उचलून दाखवावा आणि तो करेपर्यंत थांबावे. त्याला पैसे लागत नाहीत, लागतो तो धीर. करुणा पेशीत शोधण्यापेक्षा अशा वागण्यात शोधावी, असे आम्हाला वाटते. तो मजकूर पुन्हा मोबाइलवर आला, तर पुढे पाठवण्याआधी एवढे आठवावे.