पोटाचं डायलिसिस आणि वाढतं मूल

पिशवी कशी लावायची, हात कसे धुवायचे, नळीची काळजी कशी घ्यायची हे सगळं शिकून झालं की घरी जायच्या दिवशी बहुतेक आईवडील दारापर्यंत जातात आणि परत वळतात. "डॉक्टर, हे किती वर्षं चालेल?" आजचा भाग या एका प्रश्नावर आहे.

थोडक्यात उत्तर असं, की पोटाचं डायलिसिस काही वर्षं उत्तम चालतं, पण जन्मभर चालत नाही. साठीच्या माणसाला हे उत्तर वेगळं ऐकू येतं. तीन वर्षांच्या मुलापुढे अजून साठ-सत्तर वर्षं आहेत. त्यात प्रत्यारोपण येईल, कदाचित दोनदा येईल, मध्ये रक्ताचं डायलिसिसही लागेल. म्हणून पोटातला पडदा ही आपल्याकडची शिल्लक आहे असं समजायचं. ती कशाने लवकर संपते आणि ती संपायच्या आत मुलाची वाढ कशी करून घ्यायची, हे नीट समजून घेऊ.

आपल्या आतड्यांवर आणि पोटाच्या आतल्या भिंतीवर एक पातळ पडदा असतो, त्याला पेरिटोनियम म्हणतात. वजनाच्या हिशेबात तान्ह्या बाळात तो मोठ्या माणसाच्या जवळजवळ दुप्पट असतो, त्यामुळे लहान मुलांत हे डायलिसिस छान काम करतं. वीस किलोच्या मुलाच्या पोटात एका वेळी साधारण 800 मिलि द्राव सोडतात. रक्तातली घाण पडद्यातून त्या द्रावात उतरते. जास्तीचं पाणी काढायला मात्र साखर लागते. काकडीच्या कोशिंबिरीत आधीच मीठ घातलं की कसं पाणी सुटतं, तसंच द्रावातली साखर रक्तातलं पाणी आपल्याकडे ओढते. पिशव्या दीड टक्का, अडीच टक्के आणि सव्वाचार टक्के अशा येतात. साखर जितकी जास्त, तितकं जास्त पाणी निघतं.

आणि गोम इथेच आहे. तीच साखर हळूहळू पडदा बिघडवते. द्राव निर्जंतुक करताना तापवला जातो, तेव्हा साखरेपासून काही त्रासदायक पदार्थ तयार होतात. ते आणि साखर असं दोन्ही रोज, वर्षानुवर्षं पडद्याला लागत राहिलं की पडदा जाड होतो आणि त्यात नव्या रक्तवाहिन्या फुटतात. जास्त रक्तवाहिन्या म्हणजे चांगलंच, असं वाटेल. पण त्यामुळे द्रावातली साखर चटकन रक्तात शोषली जाते, ओढ संपते आणि पाणी निघायचं थांबतं. कधीकधी घातला त्याहून कमी द्राव बाहेर येतो. सूज वाढते, रक्तदाब वाढतो, मग घरात ठरतं की आता जास्त टक्क्यांची पिशवी लावू. त्या पिशवीने पडदा आणखी बिघडतो. हे चक्र ओळखायला शिका.

कारण बऱ्याचदा दोष पडद्याचा नसतो, मिठाचा असतो. अंगात आठ-नऊ ग्रॅम मीठ साठलं की ते सुमारे एक लिटर पाणी धरून ठेवतं. लोणचं, पापड, फरसाण, पाकिटातले वेफर्स, दोन मिनिटांतल्या नूडल्स. मूल रडतं म्हणून संध्याकाळी वेफर्सचं पाकीट द्यायचं आणि रात्री ते पाणी काढायला सव्वाचार टक्क्यांची पिशवी लावायची, हा सौदा फार महाग आहे. इथे एक सूचना जोर देऊन सांगतो. काही बाळांना, विशेषतः जन्मतःच किडनी नीट न बनलेल्या आणि भरपूर लघवी करणाऱ्या बाळांना, उलट वरून मीठ द्यावं लागतं. लघवीतून आणि डायलिसिसमधून त्यांचं मीठ वाहून जातं आणि रक्तदाब धोकादायक इतका खाली येऊ शकतो. म्हणून शेजारच्या मुलाचं पथ्य आपल्या मुलाला लावू नका.

लघवीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. डायलिसिस सुरू झालं म्हणजे स्वतःच्या किडनीचं काम संपलं, असं नाही. उरलेली थोडी लघवी सोन्यासारखी आहे. ती जितकी टिकेल तितकी कमी साखर वापरावी लागते, मुलाला पाणी थोडं मोकळेपणाने पिता येतं आणि हृदयावरचा ताण कमी राहतो. त्यामुळे ताप-अंगदुखीला दुकानातून आयबुप्रोफेन आणू नका. दुसऱ्या कुठल्याही दवाखान्यात गेलात तरी आधी सांगा, की मूल डायलिसिसवर आहे. काही अँटिबायोटिक इंजेक्शनंही उरल्यासुरल्या किडनीला मारक असतात.

पडद्याचा दुसरा शत्रू म्हणजे पोटातला जंतुसंसर्ग. बाहेर आलेला द्राव रोज एकदा वर्तमानपत्रावर ठेवून पाहा. त्यातून खालची अक्षरं वाचता आली पाहिजेत. धुरकट दिसला, अक्षरं पुसट झाली, तर पोट दुखत नसलं तरी ती पिशवी न फेकता सोबत घ्या आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा. वेळेवर औषध पडलं तर बहुतेक संसर्ग बरे होतात. पण प्रत्येक संसर्ग पडद्यावर थोडा व्रण ठेवून जातो आणि एखादा इतका वाईट असतो की नळीच काढावी लागते. मुलांच्या बाबतीत आणखी एक अडचण अशी, की डायलिसिसच्या द्रावातून प्रथिनं जातात आणि त्यांतच रोगाशी लढणारी प्रथिनंही जातात. तान्ह्या बाळांत हे नुकसान जास्त.

फार वर्षं या डायलिसिसवर राहिलेल्यांत क्वचित एक गंभीर आजार होतो. पडदा इतका जाड आणि कडक होतो की आतडी त्यात गुंडाळल्यासारखी आवळली जातात. पाच वर्षांनंतर धोका वाढत जातो. कारण न कळता भूक जाणं, वारंवार उलट्या, वजन घटणं, द्रावात रक्त दिसणं ही त्याची लक्षणं. पोटाचं डायलिसिस बंद केल्यावर, अगदी प्रत्यारोपण झाल्यावरही तो दिसू शकतो. म्हणून पूर्वी डायलिसिस झाल्याची नोंद मुलाच्या फाईलमध्ये कायम ठेवा. घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. आजार दुर्मीळच आहे, पण दर काही महिन्यांनी पडद्याची चाचणी करून घेण्याचं एक कारण तोही आहे. या चाचणीत चार तास द्राव पोटात ठेवून साखर किती शोषली आणि घाण किती उतरली ते मोजतात. पडदा जलद झाला असेल तर द्राव कमी वेळ ठेवायचा, रात्री मशीनवर छोट्या फेऱ्या करायच्या, असे बदल करता येतात. साखरेऐवजी आयकोडेक्स्ट्रिन असलेली पिशवी आणि दोन कप्प्यांची, पडद्याला कमी त्रास देणारी पिशवीही मिळते. दोन्ही महाग पडतात. परवडत नसेल तर संकोच न करता सांगा, म्हणजे आहे त्या पिशव्यांतच वेळापत्रक बसवता येईल.

आता मुलाच्या वाढीकडे येऊ. माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथे होतं, कारण उंची न वाढणं एका दिवसात दिसत नाही. जन्मानंतरच्या एकूण उंचीतला जवळजवळ तिसरा हिस्सा पहिल्या दोन वर्षांत वाढतो, आणि त्या वयात वाढ होते ती मुख्यतः अन्नावर. पोटात द्राव भरलेला, त्यातून साखर शोषली जाणारी, तोंडाला चव नाही. अशा बाळाला भूक कुठून लागणार? वाटी-चमचा घेऊन तासतास मागे धावणाऱ्या आया मी पाहतो. अशा वेळी नाकातून किंवा थेट जठरात घातलेल्या नळीने रात्री दूध देणं हा उपचार आहे, आईचा पराभव नव्हे. सासरच्यांना पटवायला हवं असेल तर त्यांना घेऊन या, मी समजावेन.

अन्नाबरोबर आणखी गोष्टी जुळाव्या लागतात. रक्तातलं आम्ल वाढलं तर हाडं आणि स्नायू झिजतात, म्हणून सोड्याच्या गोळ्या. फॉस्फरस वाढला तर हाडं वाकतात आणि पुढे रक्तवाहिन्यांच्या भिंतींत चुना साठतो. त्यावरच्या गोळ्या जेवणासोबतच घ्यायच्या, नंतर आठवण झाली म्हणून घेतल्या तर उपयोग नाही. एवढं करूनही उंची वाढत नसेल तर ग्रोथ हार्मोनचं रोजचं इंजेक्शन असतं. हृदयाची सोनोग्राफी वर्षातून एकदा तरी व्हावी. डायलिसिसवरच्या मुलांच्या आयुष्याला जंतुसंसर्गाबरोबरच मोठा धोका असतो तो हृदयाचा, आणि त्याची सुरुवात नियंत्रणात नसलेल्या रक्तदाबाने होते.

एवढं ऐकून कोणी विचारेल, मग रक्ताचंच डायलिसिस का नको? लहान मुलांच्या शिरा बारीक असतात, आठवड्यातून तीनदा केंद्रावर जावं लागतं आणि मुलांचं डायलिसिस करणारं केंद्र अनेक जिल्ह्यांत नसतंच. पोटाच्या डायलिसिसवर मूल शाळेत जातं. नोकरीनिमित्त इंदूरला किंवा हैदराबादला राहणारं कुटुंब मे महिन्यात गावी साताऱ्याला जाऊ शकतं. पिशव्यांचा पुरवठा गावच्या पत्त्यावर करता येईल का, हे मात्र काही आठवडे आधी विचारून ठेवा. रेल्वेत खोकी वाहून नेणं सोपं नाही.

प्रत्यारोपणाची तयारी पहिल्या महिन्यापासून करायची. बहुतेक ठिकाणी मूल साधारण दहा किलोचं होण्याची वाट पाहतात, म्हणजे पुन्हा प्रश्न वजनाचाच. शक्यतो रक्त चढवणं टाळायचं, कारण परक्या रक्तामुळे शरीरात अशी प्रतिद्रव्यं तयार होऊ शकतात, की पुढे जुळणारी किडनी मिळणं कठीण होतं. हिमोग्लोबिनसाठी लोह आणि एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं वेळच्या वेळी घेतली तर ती पाळी सहसा येत नाही. रक्त तपासायला तळहाताच्या मागच्या बाजूची शीर द्या, कोपराजवळची आणि मनगटाजवळची राखून ठेवा. विसाव्या वर्षी फिस्टुला करायची वेळ आली तर तीच लागेल. घरात जुळणारा दाता नसेल तर मृत दात्याच्या किडनीसाठी नाव नोंदवा. परराज्यात राहणाऱ्यांसाठी महत्त्वाचं म्हणजे, नोंदणीसाठी अधिवासाचा दाखला मागू नये असं केंद्र सरकारने 2023 मध्ये राज्यांना सांगितलं आहे. तरीही कुठे अडवणूक झाली तर रुग्णालयाच्या प्रत्यारोपण समन्वयकाला तो निर्णय दाखवायला सांगा.

प्रत्यारोपणानंतर काही जिवंत लसी देता येत नाहीत, म्हणून गोवर आणि कांजिण्यांच्या लसी त्याआधी पूर्ण कराव्या लागतात. कोणती लस कधी आणि डायलिसिसवर असताना जादा डोस कशाचा, हे पुढच्या भागात घेऊ. येताना मुलाचं लसीकरणाचं कार्ड शोधून ठेवा.